दुसरा बार

देवेशने रिव्हॉल्वर काचेवरच्या कापडावर ठेवलं, आणि मग ते उचलून निलेशच्या हातात दिलं.

मानसी दोघांच्या मधेच उभी होती. परवाना तिच्या नावाचा होता, त्याच्यावरचा फोटो तिचा, सही तिची. त्या परवान्यासाठी पंधरा महिने तिने खेपा घातल्या होत्या. "बाईमाणसाला बंदूक कशाला? मिस्टरांच्या नावावर करा की," असं म्हणणाऱ्या कारकुनाला "मिस्टर नाहीत, आणि असते तरी त्यांना नेम धरता आला असता याची खात्री नाही," असं तिनेच सुनावलं होतं. आणि आता अंधेरीच्या या दुकानात हा पोरगा खुशाल तिच्या नाकासमोरून हत्यार भावाला देत होता.

"परवाना कोणाचा आहे?" तिने विचारलं.

"तुमचाच मॅडम. पण म्हटलं, सर जरा वजन बघतील..."

"सरांकडे परवाना नाही. त्यांच्या हातात दिलेलं चालतं तुमच्या दुकानाला?"

देवेश मालकाचा मुलगा होता, तिशीचा, गळ्यात चेन. त्याचा चेहरा पडला. निलेशने रिव्हॉल्वर गरम तव्यावरून हात काढावा तसं खाली ठेवलं. "ताई, सुरू नको होऊस ना यार," तो पुटपुटला.

मानसी परब मुलुंडच्या एका खाजगी हॉस्पिटलात एक्सरे काढायची. वय छत्तीस. कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवली होती, पण नेम शिकली होती त्याच्याही आधी, सुट्टीत देवगडजवळच्या गावात, बाबांच्या खांद्याला खांदा लावून. बाबांची, म्हणजे जयवंत परबांची, ठासणीची बंदूक होती. शेतराखणीच्या परवान्याची, आजोबांपासूनची. दारू ठासा, छर्रा ठासा, बार काढा, की पुन्हा पहिल्यापासून. दुसरा बार भरेपर्यंत जनावर गावाबाहेर. बाबांनी जन्मभर एमआयडीसीत फिटरची नोकरी केली, निवृत्त झाल्यावर आईला घेऊन गावी गेले, काजू लावला, भात केलं. आणि रानडुकरं आली. एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरून टाकायची. वनखात्याची परवानगी काढून बाबा राखणीला बसू लागले.

दीड वर्षापूर्वी माघात, संध्याकाळच्या उजेडात बाबांनी एका डुकरावर बार काढला. लागला. डुक्कर करवंदीच्या जाळीत शिरलं. बाबा मागे गेले. जनावराने मांडीत सुळा घुसवला आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं रक्त गेलं. निलेश तेव्हा सुट्टीवर गावी होता, बाबांच्या मागे तीस पावलांवर. त्याने सगळ्यांना हेच सांगितलं होतं.

शेत तसंच होतं. डुकरंही तशीच होती. बंदूक आता मानसीच्या नावावर आली होती आणि परवान्यात दुसऱ्या हत्याराची जागा रिकामी होती. ती कशाने भरायची हे निलेशने ठरवूनच टाकलं होतं. पहिला बार बंदुकीचा, दुसरा कमरेचा. बाबांच्या कमरेला काहीतरी असतं तर ते वाचले असते, हे तो दीड वर्ष म्हणत आला होता. मानसीलाही ते पटलं होतं.

"हे बघा मॅडम," देवेशने आता गोडीने घेतलं, "सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअर. पण बजेट सांगितलंत त्यात नाही बसत. त्यात हे बावीस बसतं. हलकं आहे. लेडीज लोक हेच नेतात, पर्समध्ये कळतपण नाही."

"मला पर्समध्ये नाही ठेवायचंय. मला रानात कमरेला लावायचंय. जखमी डुक्कर अंगावर आलं तर थांबेल का याने?"

देवेश काही बोलायच्या आतच दुकानाच्या मागच्या भागातून कोणीतरी हसलं. चांगलं हसणं नव्हतं ते.

मागे एका टेबलाशी, दिव्याखाली, एक म्हातारा कानस घेऊन बसला होता. दुकानातला जुना कारागीर. देवेश त्याला धोंडिरामकाका म्हणायचा. चष्मा कपाळावर सारून तो उठून आला.

"बावीसच्या गोळीने डुकराला राग येईल," तो म्हणाला. "बत्तीसच्या गोळीने जास्त राग येईल. बाकी काही व्हायचं नाही. चरबी आणि खांद्याची ढाल, त्यात अडकून बसते गोळी. कोणी सांगितलं तुम्हाला, डुकराला कमरेचं हत्यार?"

"काका, गिऱ्हाईक आहे," देवेश दबक्या आवाजात म्हणाला.

"गिऱ्हाईक आहे म्हणूनच सांगतोय. जिवंत राहिली तर परत येईल." म्हातारा मानसीकडे वळला. "आणि जखमी डुकराच्या मागे जायचंच कशाला, बाई?"

"बाबा पण हेच म्हणायचे," मानसी म्हणाली. "बार लागला की बसून राहायचं. निदान तासभर. मला त्यांनीच शिकवलं."

"मग?"

"त्या दिवशी ते गेले. का गेले, कळलं नाही."

निलेशचा चेहरा लाल झाला होता. सकाळपासून त्याच्या मनासारखं काहीच होत नव्हतं. आधी बहिणीने चारचौघांत झापलं, आता हा म्हातारा. त्याने काचेवर हात आपटला. "काका, तुम्ही इथे बसून नका शिकवू. मी होतो तिथे. तुम्हाला काय माहीत? कमरेचं धड चाललं असतं ना, तर माझा बाप आज इथे उभा असता!"

धोंडिरामने चष्मा डोळ्यांवर ओढला. मग अगदी सावकाश, एखादा खिळखिळा भाग बोटाने चाचपावा तसा, त्याने तो शब्द उचलला.

"चाललं असतं म्हणजे? होतं त्यांच्याकडे काही?"

मानसीने भावाकडे पाहिलं. तिला काही विचारावंच लागलं नाही. निलेशने नजर खाली घातली होती, लहानपणी बॉलने खिडकी फुटली की घालायचा तशी.

"चल बाहेर," ती म्हणाली.

*

दुकानासमोर एक चहाची टपरी होती. निलेशने सवयीने दोन कटिंग सांगितले, जणू काही झालंच नव्हतं. मानसीने ग्लासला हात लावला नाही.

"बोल."

"ताई, इथे रस्त्यात..."

"रस्त्यातच बोल. घरी दीड वर्ष बोलला नाहीस ना? आता रस्त्यातच."

आणि निलेश बोलला. आधी अडखळत, मग थांबवलं असतं तरी थांबला नसता असा.

बाबांना आदल्या वर्षी एकदा डुक्कर चाटून गेलं होतं. तेव्हापासून त्यांचं चालू झालं, रिव्हॉल्वर केवढ्याला मिळतं रे, बघ ना जरा. निलेशने बघितलं. लाखाच्या घरात किंमत, वर परवान्याची वाट बघायची ती वेगळीच. बाबा म्हणाले, तोवर मी जगतो की मरतो. मग निलेशच्या मित्राने अंधेरीतल्याच एका गॅरेजवाल्याचा नंबर दिला. गाड्या दुरुस्त करायचा आणि मागच्या खोलीत गावठी कट्टे विकायचा. पंधरा हजार.

"मी नेऊन दिला. दिवाळीला. कंदिलाच्या खोक्यात घालून."

मानसी ऐकत होती.

"बाबा एवढे खूश झाले ना, ताई. लहान पोरासारखे. तेल लावून ठेवायचे. आंब्याच्या खोडावर दोनदा उडवून बघितला, मस्त चालला. कमरेला लावून अंगणात फिरायचे. आणि त्या दिवशी..." त्याचा आवाज फाटला. "बार काढल्यावर मी म्हटलं, बसूया बाबा. ते म्हणाले, आता कशाक बसूचा? आता आसा मा माझ्याकडे. आणि शिरले आत. डुक्कर तिथेच होतं. त्यांनी चाप ओढला. टक् झालं. परत ओढला. परत टक्. मी ऐकलं, ताई. दोन्ही वेळा ऐकलं."

मानसीने त्याच्या थोबाडीत मारली.

जोरात मारली. ग्लास कलंडला, चहा निलेशच्या पँटवर सांडला. टपरीवाला फडकं हातात धरून बघतच राहिला. समोरच्या इमारतीचा वॉचमन खुर्चीतून अर्धवट उठला. निलेश गालाला हात न लावता तसाच उभा राहिला.

"पोलिसांना का नाही सापडला तो?" तिने विचारलं.

"आईने खाडीत टाकला."

"काय?"

"जीपमध्ये. पुलावरून जाताना. बाबांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मी तिला सांगितलं, माझ्या खिशात आहे म्हणून. तिने घेतला आणि फेकला. म्हणाली, कोणाक सांगू नको. मानसीक तर नकोच."

मानसीने रिक्षाला हात केला. निलेश आत बसायला आला तेव्हा तिने त्याला हाताने मागे लोटलं आणि एकटीच निघाली.

*

घाटकोपरच्या घरात तिची आई प्रेमा अळूची पानं पुसत बसली होती. श्रावणातला शनिवार. बाबा गेल्यापासून ती मानसीकडेच राहत होती. मुलीचा चेहरा बघून तिने पान खाली ठेवलं.

"निलेशने सांगितलं," मानसी म्हणाली.

प्रेमाने "काय?" असं विचारलं नाही. ते न विचारणंच मानसीला जास्त झोंबलं.

"तीस वेळा विचारलं मी तुला, बाबा जाळीत का शिरले? तीस वेळा! तू म्हणालीस नशीब. काय नशीब? पंधरा हजारांचा गंजका पाइप होता तो, आई! मी पंधरा महिने त्या ऑफिसात उभी राहिले. लोकांची हलकट बोलणी ऐकली. कशासाठी? बाबांकडे दुसरा बार नव्हता म्हणून. आणि तो होता. त्यानेच मेले ते!"

"हळू बोल. शेजारी ऐकतले."

"ऐकू देत!"

प्रेमा उठली. ठेंगणी बाई, पण उठली तेव्हा तिचाही आवाज चढला. "मग काय करूचा होता मी? सांग ना. घोव माझ्या मांडयेर मरत होतो. झील बाजूक बसान थरथरत होतो. पोलीस इले असते, त्याका पण घेऊन गेले असते. एक गेलो, दुसरो पण देऊचो होतो?"

"मला सांगायचं होतं."

"तुका सांगितला असता तर तू गप रवली असतंस?"

उत्तर नाही असंच होतं, आणि ते मानसीलाही माहीत होतं.

ती आतल्या खोलीत जाऊन बसली. तासाभराने गावाहून सहदेवचा फोन आला. सहदेव म्हणजे बागेच्या शेजारचा, बाबांचा राखणीतला सोबती. दर आठवड्याला फोन करून डुकरांनी काय काय खाल्लं ते सांगायचा. आज त्याचा सूर वेगळा होता. "मानसी, घेतलंस काय गो हत्यार? नाय म्हणजे, मी पण एक मागवतंय. त्या अंधेरीच्या गॅरेजवाल्याकडसून. पुढच्या आठवड्यात भाचो घेऊन येतलो. तुझ्या बापूसानच नंबर दिल्लो. मस्त वस्तू म्हणा होतो."

बाबांनी नंबरसुद्धा वाटला होता.

"सहदेवकाका," ती म्हणाली, "ती वस्तू बाबांच्या हातात दोनदा चालली नाही. म्हणून ते मेले. तुम्ही मागवू नका. भाच्याला आत्ता फोन करा. आत्ता."

"अरे देवा," एवढंच पलीकडून आलं.

*

दुसऱ्या दिवशी ती पोलीस चौकीत गेली. उपनिरीक्षक शीतल मॅडम तिच्याच वयाची होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे बोलली नाही.

"तुम्ही स्वतः बघितलेलं काहीच नाही यात," शेवटी ती म्हणाली. "हत्यार खाडीत. गॅरेजवाल्याला उद्या मी विचारलं तर तो म्हणेल, मी पंक्चर काढतो. भावाला आणा. त्याने जबाब दिला तर मी छापा टाकू शकते."

"आणते."

"आणि हे ऐकून घ्या. बेकायदा हत्यार त्याने घेतलं, पोचवलं. त्याच्यावरही कलम लागेल. अटक होईल. मी खोटं नाही सांगणार तुम्हाला. घरी जाऊन विचार करा."

"विचार करूनच आलेय," मानसी म्हणाली. ते पूर्ण खरं नव्हतं. ती फक्त संतापून आली होती. पण संताप दुसऱ्या दिवशी उतरला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. हॉस्पिटलात लोकांच्या मोडक्या हाडांचे फोटो काढताना तिच्या डोक्यात एकच आवाज होता, टक्, टक्, जो तिने ऐकलाही नव्हता.

निलेशचा फोन बंद होता. चौथ्या दिवशी ड्युटी संपवून ती बोरिवलीला त्याच्या घरी गेली. दार चेतनाने उघडलं, निलेशच्या बायकोने. आत या म्हणाली नाही.

"मला सगळं सांगितलंय त्यांनी," चेतना दारातच म्हणाली. "तुमच्या बाबांना हौस आली आणि माझा नवरा आत जाणार? हा कुठला न्याय? बाबांनी मागितलं म्हणून दिलं ना त्याने? बापाला नाही कसं म्हणणार होता?"

"चेतना, तो माणूस अजून विकतोय."

"विकू दे! जगात काय तुम्हीच उरलात सगळ्यांना सुधारायला?"

मानसीलाही आतून वाटत होतं की चेतनाचं बोलणं अगदीच चुकीचं नाही. म्हणून तिला जास्तच राग आला. तिने आत बघून मोठ्याने हाक मारली.

"निलेश! सहदेवकाका मागवणार होते. तोच नंबर. बाबांनी दिलेला. मी थांबवलं. पुढच्याला कोण थांबवणार आहे?"

आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. निलेश बाहेर आला. चार दिवसांची दाढी, डोळे सुजलेले. त्याने बहिणीकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं.

"मला झोपेत पण ते ऐकू येतं, चेतना," तो म्हणाला. "तू विचारतेस ना, दचकून का उठता. ते ऐकू येतं." मग त्याने खुंटीवरचा शर्ट घेतला. घाईत त्याने एक बटण चुकीच्या काजात लावलं. चेतनाने आधी तोंड फिरवलं, आणि मग चुकलेलं बटण तिनेच येऊन नीट लावलं.

*

छाप्यात गॅरेजच्या मागच्या खोलीत चार कट्टे मिळाले आणि एका डब्यात गोळ्या. गॅरेजवाला आत गेला. निलेशही गेला, नऊ दिवसांनी जामीन झाला. खटला उभा राहायचा होता. त्याची इस्टेट एजंटकडची नोकरी पहिल्याच आठवड्यात सुटली. तो मानसीशी बोलायचा, पण मोजकं. चेतना अजिबात बोलायची नाही.

आणि आई. प्रेमा त्याच घरात होती. मानसीचा डबा भरायची, तिचे कपडे घडी घालून ठेवायची, पण एक शब्द नाही. मानसीने दोनदा विषय काढला, तेव्हा ती सरळ उठून गॅलरीत गेली. तिसऱ्यांदा मानसीने काढला नाही. तीही हट्टाला पेटली होती. दोघी बायका एकाच घरात दोन महिने वावरल्या, समोरासमोर बसून जेवल्या, आणि भांड्यांचा आवाज तेवढा घरात राहिला.

सप्टेंबरच्या शेवटी धोंडिरामचा फोन आला. नंबर त्याने दुकानाच्या वहीतून शोधला होता.

"एक जुनी दुनळी बंदूक आलीये," तो म्हणाला. "बारा बोअर. एका वकिलाची, वापरली कमी, पुसली जास्त. मी खोलून बघितली, नळ्या स्वच्छ आहेत. तुमच्या त्या रिव्हॉल्वरपेक्षा स्वस्तात जाईल. कमरेला लावायला काही घेऊ नका, बाई. कमरेला असलं की माणूस पुढे जातो. खांद्यावर असलं की विचार करतो."

देवेशने या खेपेला बंदूक दोन्ही हातांनी उचलून तिच्या हातात दिली. मानसीने बंदूक मधून उघडून नळ्यांत पाहिलं, खांद्याला लावली, भिंतीवरच्या कॅलेंडरावर नेम धरला. परवान्यातली दुसरी जागा भरली.

*

भात पिवळं झालं तेव्हा ती आठ दिवसांची रजा टाकून गावी गेली. बाबांच्याच जुन्या परवानगीवर भागणार नव्हतं; तिने वनखात्याकडे स्वतःच्या नावाने नवीन अर्ज केला होता, आणि मंजुरीचा कागद खिशात होता. सहदेव आणि वाडीतले दोघे सोबत होते. बागेच्या कडेच्या आंब्यावर बाबांनी बांधलेला माळा अजून धड होता. पहिल्या दोन पहाटे काही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी, पूर्वेकडे उजाडलं आणि धुकं भातावरून उठायला लागलं, तेव्हा डुक्कर आलं. एकटंच. मोठा नर, पाठीवर राठ केसांचा तुरा. ते कुंपणातून आत घुसलं आणि लोंब्या चावायला लागलं, आपल्या बापाचं शेत असल्यासारखं. मानसीने श्वास सोडला आणि चाप ओढला.

डुक्कर कोलमडलं, उठलं. दुसरी नळी तिने झाडायच्या आत कुंपण तोडून करवंदीत शिरलं. मागे पानांवर रक्त.

"लागला! लागला!" सहदेव ओरडला आणि माळ्यावरून पाय खाली सोडला. "चल, लांब जाऊचा नाय!"

"वर या."

"अगो, जवळच असतला..."

"वर या म्हणते ना!" मानसी इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. "कोणी खाली उतरायचं नाही. एक जण जरी उतरला तरी मी ही बंदूक परत मुंबईला घेऊन जाईन. मग राखा तुमचं भात काठ्या घेऊन!"

सहदेव वर आला. वाडीतले दोघे एकमेकांकडे बघून पुन्हा टेकून बसले. ऊन चढलं. कोणी तंबाखू मळली. मानसीने घड्याळ बघितलं, आणि पुन्हा बघितलं, आणि चापावरचं बोट काढलं नाही. तास झाल्यावर चौघे खाली उतरले.

डुक्कर तीस पावलांवर मेलेलं होतं. पण ते पळता पळता पडलं नव्हतं. जाळीत शिरल्यावर ते अर्धं वर्तुळ फिरलं होतं, आपल्याच रक्ताच्या वाटेकडे तोंड करून, एका दगडाआड दबून बसलं होतं. येणाऱ्याची वाट बघत बसलं होतं आणि तसंच मेलं होतं. सुळे वाटेच्या दिशेला. लगेच आत शिरलेला माणूस थेट त्या सुळ्यांवर गेला असता, हातात काहीही असतं तरी.

सहदेवने ते बघितलं आणि खाली बसला.

मानसी उभीच राहिली. दोन महिने तिला वाटत होतं की तिचा राग कोणावर आहे हे तिला ठाऊक आहे. गॅरेजवाल्यावर, निलेशवर, आईवर, दुकानातल्या पोरावर, कारकुनावर. आता ती त्या दगडाकडे बघत होती आणि तिचा राग यांच्यापैकी कोणावरच नव्हता. बाबांना हे माहीत होतं. त्यांनीच तर शिकवलं होतं तिला. बारा वर्षांच्या पोरीला समोर बसवून, बोट उगारून सांगितलं होतं. आणि स्वतः कमरेला खेळणं लावून चालत आत गेले. कोणासाठी? कोणाला दाखवायला?

वनरक्षकाला सहदेवने फोन लावला, पंचनाम्याला या म्हणून. मानसीने आईला लावला.

फोन उचलला गेला. पलीकडून नुसता श्वास.

"डुक्कर मारलं," मानसी म्हणाली. "मोठं होतं. जाळीत शिरलं होतं."

दोन महिन्यांनी पहिल्यांदा प्रेमाचा आवाज आला. "तू आत गेलंस?"

"नाही. थांबले. तासभर."

"तासभर."

"हो. ते आत वाट बघत होतं, आई. तोंड वाटेकडे करून."

आणि मग प्रेमा फुटली. रडली नाही, ओरडली. घाटकोपरच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याने.

"मग त्या मेल्याक तासभर रवाक काय झाल्ला? काय झाल्ला गो त्याका? मी अंगणातसून आरडलंय, नको जाव, काळोख पडता! ऐकलान माझा? जन्मात कदी ऐकलान? गावाक इलो तेव्हा ऐकलान नाय, काजी लावल्यान तेव्हा ऐकलान नाय. कमरेक ता बांधून माझ्यापुढे फिरा होतो, म्हणता, कसो दिसतंय! थोबाड फोडूक होया होता तेव्हाच!"

"हो," मानसी म्हणाली. "फोडायला हवं होतं."

"आणि माका म्हणता, तू घाबरट! मी घाबरट! आता खंय आसा तो? आणि माझो झील कोर्टात उभो रवतलो ह्याच्यापायी..."

वनरक्षक मोटरसायकलवरून उतरून कागद हातात घेऊन समोर आला. "मॅडम, सही लागेल तुमची इथे."

मानसीने त्याला हातानेच थांबायला सांगितलं. आई अजून बोलत होती.